तलावाकाठची दुपार आणि मनातली रेघ



मागच्या एका रविवारी आम्ही दोन-तीन कुटुंबे मिळून शिकागोच्या ३१व्या रस्त्याच्या किनाऱ्यावर गेलो होतो. मिशिगन सरोवराचा हा काठ आसपासच्या लोकांचा आवडता. कुठे शेगडीचा धूर, कुठे गाणी, वाळूत खेळणारी मुले. आम्ही डबे उघडले. पोळ्या, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. इतक्यात शेजारच्या टेबलावर एक कृष्णवर्णीय कुटुंब येऊन बसले आणि मी नकळत माझी पिशवी जवळ ओढली. लेकीने ते पाहिले. "बाबा, का?" एवढेच तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

याच किनाऱ्याजवळ २७ जुलै १९१९ रोजी युजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा तराफ्यावर खेळत होता. पाण्यात गोऱ्यांची आणि काळ्यांची बाजू वेगळी मानली जात असे. तो त्या न दिसणाऱ्या रेघेपलीकडे गेला, काठावरून दगड आले आणि तो बुडाला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसे मेली. ती रेघ कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती.

आपल्याला हे ओळखीचे वाटायला हवे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले होते, तरी रूढीची रेघ तशीच राहिली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथले पाणी प्यायले, ते तहानेसाठी नव्हे, तर आपणही माणसेच आहोत हे सांगण्यासाठी. त्या दिवशी परतणाऱ्या आपल्या माणसांना मार खावा लागला.

मग प्रश्न उरतो. ज्यांना पाण्यापासून दूर ठेवले गेले, त्यांच्याच नातवाच्या मनात दुसऱ्यासाठी रेघ कशी उमटली? मला वाटते, दुःख भोगल्याने माणूस आपोआप शहाणा होत नाही. कायदा तळे खुले करतो, मन खुले करण्याचे काम मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते. म्हणूनच बाबासाहेब हक्कांवर थांबले नाहीत, धम्मापर्यंत गेले.

रविवारी काठावर निवांत बसणे हा दोष नाही. त्या निवांतपणासाठीच तर आधीची पिढी झगडली. पण तो कोणामुळे मिळाला हे विसरणे, आणि आपला हात कुठे जातो आहे हे न पाहणे, हा प्रमाद आहे. सम्यक स्मृती म्हणजे डोळे मिटून श्वास पाहणे एवढेच नव्हे. पिशवीकडे जाणारा हात वेळीच दिसणे, हीही सम्यक स्मृतीच.

लेकीला मी रात्री घरी आल्यावर उत्तर दिले. "माझ्या मनात एक रेघ होती, बाळा. ती चुकीची होती." पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. तुम्हीही या, चटणी जास्त आणू.

जय भीम!