हरताळ आणि शुद्धिपत्र

जुन्या पोथ्यांत लेखनिकाच्या हातून अक्षर चुकले, म्हणजे त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत आणि वर शुद्ध अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार तिथलाच. पुढे छापखाने आले. गावोगाव गेलेल्या प्रतींवर हरताळ फिरवणे अशक्य झाले, तेव्हा पुस्तकाला शुद्धिपत्र जोडण्याचा रिवाज पडला. हरताळाने चूक झाकली जाई; शुद्धिपत्राने ती कबूल केली जाते. तरी हरताळाचाही पिवळा डाग मागे राहत असे, आणि इथे काहीतरी बदलले आहे एवढे तरी वाचणाऱ्याला कळत असे.

शास्त्रीय नियतकालिके कागदावरून पडद्यावर आली, तेव्हा हा डागही नाहीसा होऊ शकतो असे दिवस आले. हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ६ मार्च १६६५ रोजी लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चा पहिला अंक काढला. तोच अंक आज कोणालाही संगणकावर मोफत वाचता येतो. नवे संशोधन तर लिहून होताच जगभर पोहोचते. हवा तो शब्द क्षणात शोधता येतो. हे सारे स्वागतार्हच आहे. पण त्याबरोबर संपादकाच्या हाती आणखी एक शक्ती आली आहे. रात्री एखादा आकडा बदलावा, आणि सकाळी येणाऱ्या वाचकाला तो पहिल्यापासून तसाच होता असे वाटावे!

नियतकालिकाचे आधुनिकीकरण हा आपण यंत्रज्ञांचा प्रश्न समजतो. वस्तुतः तो नीतीचा प्रश्न आहे. मुद्रणाच्या काळात संपादक चूक कबूल करीत, त्यात सचोटी होतीच. पण चूक लपवण्याची वाटही बंद होती. ज्याला लपवताच येत नाही, त्याच्या खरेपणाची परीक्षा अजून व्हायची असते. ती परीक्षा आता सुरू झाली आहे.

एक उदाहरण घेऊ. सप्टेंबर २०११ मध्ये ‘ऑपेरा’ प्रयोगातील शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, जिनिव्हाजवळच्या सर्नपासून इटलीतील ग्रान सास्सोपर्यंतचे सुमारे ७३० किलोमीटर अंतर न्यूट्रिनो हे कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पार करतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. पण तेवढ्यानेही आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताला धक्का बसला असता. पुढच्या वर्षी उलगडा झाला. प्रकाशतंतूची एक केबल नीट जोडलेली नव्हती. निबंध सुधारला गेला. परंतु पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ साली सुरू केलेल्या ‘आर्काइव्ह’ या ऑनलाइन संग्रहात पहिला मसुदाही तारखेसह आज जागेवर आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. यात त्या शास्त्रज्ञांची अप्रतिष्ठा झाली असे मला वाटत नाही. पहिला मसुदा पुसला असता, तर चूक कशी झाली आणि ती कशी शोधली, हे ज्ञानही त्याच्याबरोबर गेले असते.

कोणी म्हणेल, ही प्रामाणिक चूक झाली. घातक असत्य कशाला जपायचे? ‘लॅन्सेट’ने १९९८ साली अँड्र्यू वेकफील्ड व सहकाऱ्यांचा एक निबंध छापला. १२ मुलांच्या निरीक्षणावरून त्यात गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील लशीचा संबंध स्वमग्नतेशी सूचित केला होता. भ्यालेल्या अनेक आईबापांनी मुलांना ती लस दिली नाही. २०१० साली निबंध मागे घेण्यात आला. तरी तो पुसलेला नाही. मागे घेतल्याचा ठळक शिक्का मारून तो ठेवला आहे. हेच योग्य झाले. असत्य निमूटपणे नाहीसे केले असते, तर ते आपल्या हातून प्रसिद्ध झाले होते ही जबाबदारीही नाहीशी झाली असती. छापण्यापासून मागे घेण्यापर्यंत १२ वर्षे लागली, हे आपल्याला त्या दोन तारखांमुळेच कळते.

लेखकाने जन्मभर आपली चूक मिरवावी काय, हा प्रश्न दयेपोटी विचारला जातो, आणि ती दया खोटी नाही. पण लेखक आणि संपादक यांच्याखेरीज एक तिसरा माणूस आहे. त्या निबंधावर विसंबून त्याने कुठल्याशा दूरच्या प्रयोगशाळेत वर्षभर खटाटोप केला, त्यातला आकडा आपल्या लेखात उद्धृत केला. मूळ आकडा गुपचूप बदलला, की तो बिचारा लबाड ठरतो. आपल्या बाजूचा पुरावा त्याने कुठून आणावा?

म्हणून नियतकालिक नवे करताना प्रत्येक निबंधाला न बदलणारा क्रमांक द्यावा, दर सुधारणेवर तारीख घालावी, जुने पाठ जपावेत आणि मागे घेतलेल्यावर तसे स्पष्ट लिहावे. ही साधने आज उपलब्ध आहेत. त्यांना फारसा खर्चही लागत नाही. लागते ती आपल्या चुकीजवळ उभे राहण्याची तयारी. ती कोणत्याही यंत्राबरोबर मिळत नाही.