भांडण घरचं, बळ बाहेरचं



आपल्या वादात बाहेरचं बळ आणावं का? पाचशे वर्षांपूर्वीची इटली पाहू या. मिलान, व्हेनिस, नेपल्स ही राज्यं एकमेकांवर डोळा ठेवून होती. मिलानमध्ये लुडोविको स्फोर्झा पुतण्याच्या नावानं कारभार करी, पण सत्ता सोडत नव्हता. पुतण्याच्या बायकोचं माहेर नेपल्सचं राजघराणं. ते हक्क मागू लागलं. म्हणून लुडोविकोनं फ्रान्सच्या राजाला नेपल्सवर चालून यायला भरीस घातलं.

१४९४ मध्ये फ्रेंच आले. त्याच वर्षी पुतण्या वारला, लुडोविको ड्यूक झाला. सगळं मनासारखं!

पण फ्रेंचांना वाट माहीत झाली होती. १४९९ मध्ये त्यांच्या पुढच्या राजानं, आजीचं माहेर म्हणून हक्क सांगत, मिलानच घेतलं. लुडोविको १५०८ मध्ये फ्रान्सच्या कैदेतच वारला.

मग अडचणीत मदत मागूच नये का? जरूर मागावी. पण अन्यायातून सुटायला मागितलेली मदत वेगळी आणि दुसऱ्याचा हक्क दाबायला आणलेलं बळ वेगळं. असं बळ कामापुरतं थांबत नाही. घरातल्या वाटण्यांच्या वेळी आपण एवढंच विचारू या: आम्ही न्याय मागतोय, की नुसती जीत?