अखेरची नामावली

हातीं होती तोंपर्यंत जिच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहिलें नाहीं, ती वस्तु नाहींशी झाल्यावर तिच्यासाठीं जीव हळहळूं लागतो, हा अनुभव मनुष्यास नवा नाहीं. परंतु अशा वस्तूंमध्यें दूरदर्शनवरील मालिकांच्या शेवटीं पडद्यावरून सरकत जाणाऱ्या नामावलीची गणना व्हावी, हें प्रथमदर्शनीं पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. अमेरिकेंत ‘गनस्मोक’ (१९५५ ते १९७५) व ‘बोनान्झा’ (१९५९ ते १९७३) या घोडेस्वारांच्या व बंदुकांच्या मालिका पाहत जे वाढले, त्यांच्यांपैकीं कित्येकांस कथानकें विसरलीं तरी अखेरचें वाद्यसंगीत आणि त्याबरोबर येणारीं नांवें आठवून गहिंवर येतो. आमच्याकडे ते घोडे फारसे पोंचले नाहींत. गहिंवर मात्र पोंचला आहे. १९८४ सालीं सुरू झालेल्या ‘हम लोग’ची आठवण निघाली, कीं अखेरीस येऊन चार शब्द बोलणारे अशोककुमार आधीं डोळ्यांपुढें उभे राहतात. ही हळहळ कशाची, आणि तिच्या पोटीं कांहीं ऋण दडलेलें आहे काय, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

परभणी जिल्ह्यांतील सेलू तालुक्यांत वालूर हें गांव आहे. १९८४ च्या सुमारास देशांत लघुशक्तीचे प्रक्षेपक झपाट्यानें उभे राहिले, आणि पुढें मराठवाड्यांतील अशा गांवांच्या धाब्यांवर व पत्र्यांवर ॲन्टेना दिसूं लागल्या. संच एकाच्या घरीं आणि प्रेक्षक अर्धी आळी! १९८७ सालीं ‘रामायण’ सुरू झालें तेव्हां ओसरीवर पाय ठेवावयास जागा नसे. कथा एखाद्या अडचणीच्या जागीं येऊन थांबे आणि नांवें सरकूं लागत. तीं दिसतांच बायका पदर खोंचून उठत, कारण चुलीवरचें काम खोळंबलेलें असे. पुरुष वहाणा शोधूं लागत. मागें राहत तीं मुलें, कारण त्यांना कोठें जावयाचें नसे. त्या मुलांत आम्हीहि होतों. नांवें कोणीच वाचीत नसे. पण संच बंद होईपर्यंत कोणी हलतहि नसे.

१९८८ सालीं श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही त्रेपन्न भागांची मालिका आली. तिच्या आरंभीं ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील नासदीय सूक्त आणि अखेरीस हिरण्यगर्भसूक्त ऐकूं येई. संगीत वनराज भाटिया यांचें, आणि संस्कृतामागून येणारें हिंदी रूप वसंत देव यांचें. ते स्वर आमच्या पिढीच्या कानांतून अद्याप गेलेले नाहींत. हिंदी शब्द कोणाचे, असें विचारल्यास मात्र बहुतेक जण गप्प बसतील. त्या सूक्ताचा ऋषि ऋचेमागून ऋचेंत एकच प्रश्न करतो, कीं हा हवि आम्हीं अर्पण करावयाचा तो कोणत्या देवाला? आणि हा प्रश्न गाइला जात असतांनाच छायाचित्रण करणारे, संकलन करणारे, वेषभूषा सांभाळणारे यांचीं नांवें पडद्यावरून जात असत. हा योग कोणी मुद्दाम जुळविला नसेल. तथापि मुद्दाम जुळवूनहि याहून चांगला जुळला नसता.

यावर कोणी म्हणेल, कीं ही सारी आपल्याच बालपणाची ओढ आहे. नांवांचें निमित्त फुकट पुढें करूं नका. यांतील अर्धें आम्ही मान्य करतों. परंतु बालपणाची ओढ कोणत्याहि वस्तूस चिकटूं शकली असती. ती युद्धाच्या प्रसंगास न चिकटतां या निरुपद्रवी यादीसच कां चिकटावी? आम्हांस वाटतें, त्या दीड-दोन मिनिटांत आपण ज्यांना ओळखत नव्हतों अशा माणसांसाठीं बसून राहत होतों. पंगतींत शेवटच्या माणसाचें जेवण होईपर्यंत उठूं नये, ही जी आपली जुनी रीत, तिच्याच जातीचें तें बसणें होतें. पंगतींतील शेवटचा माणूस कोण, हें पुष्कळदां ठाऊकहि नसतें.

आणि अखेरीस नांव ठेवण्याची चाल दूरदर्शनानें आणलेली नव्हे. गंगाखेडच्या जनाबाईचें नांव अभंगाच्या शेवटच्या चरणांत येतें, आणि तेंहि नामदेवांची दासी म्हणून. जुन्या पोथ्यांचे लेखनिक शेवटीं शके, तिथि व स्वतःचें नांव घालीत, आणि पाठ मोडली, मान वांकडी झाली, आतां एवढ्या कष्टानें लिहिलेली पोथी नीट सांभाळा, अशी विनवणी संस्कृत श्लोकांत करीत. ज्ञानेश्वरीचें उदाहरण तर सर्वांत बोलकें आहे. पसायदानानें ग्रंथ संपला असें आपण समजतों. शाळाशाळांतून तें म्हटलें जातें व तेथेंच थांबतें. ग्रंथ मात्र तेथें थांबत नाहीं. त्यापुढें गोदावरीच्या दक्षिण तीराचा, गुरुपरंपरेचा व अगदीं अखेरीस शके १२१२ चा उल्लेख येतो, आणि सच्चिदानंदबाबांनीं आदरपूर्वक लेखनिकाचें काम केलें हें सांगितलें जातें. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं पाठशुद्धि केली, तेव्हां त्यांचें निवेदनहि त्याच्या मागोमाग जोडलें गेलें. ज्या हातानें बोललेलें लिहून घेतलें, त्याचें नांव सांगितल्यावांचून विश्वाच्या कल्याणाची प्रार्थनाहि पुरी झाली असें त्या ग्रंथास वाटलें नाहीं.

आतांची गोष्ट निराळी आहे. १९९४ सालीं अमेरिकेंतील ‘एनबीसी’नें नांवें पडद्याच्या एका कोपऱ्यांत दडपून उरलेल्या जागीं पुढील कार्यक्रमाची जाहिरात दाखविण्यास आरंभ केला, २०१२ सालीं ‘नेटफ्लिक्स’नें पुढील भाग आपोआप सुरू करण्याची सोय आणली. पूर्वीं उठून जाणारा प्रेक्षक स्वतःच्या पायांनीं उठून जाई. त्याच्या उठण्यांत निदान त्याचा निर्णय असे. आतां प्रेक्षक जागच्या जागीं आहे आणि नांवेंच उठविलीं गेलीं आहेत. नांवें वाचल्यानें ऋण फिटत होतें असा आमचा दावा नाहीं. परंतु सावकारास तोंड दाखविणें आणि त्याचा दरवाजाच बुजवून टाकणें यांत फरक आहे.

ती नामावली न्यायाची होती असेंहि कोणी समजूं नये. नायकाचें नांव मोठ्या अक्षरांत आणि एकटें. दिवे उचलणाऱ्यांचीं बारीक अक्षरांत, दाटीवाटीनें, आणि कित्येकांचीं मुळींच नाहींत. वालूरची जुनी बारव तिच्या फिरत फिरत खालीं जाणाऱ्या पायऱ्यांसाठीं प्रसिद्ध आहे. अलीकडच्या वर्षांत गांवकऱ्यांनीं राबून तिच्यांतील गाळ उपसला. पायऱ्या मोकळ्या झाल्यावर दगड इतके चोख बसविलेले दिसले, कीं पाहणाऱ्याचा हात आपोआप त्यांवरून फिरतो. दगड बसविणाऱ्या पाथरवटाचें नांव विचारीत कोणी खालीं उतरत नाहीं. आणि ओसरीवरील त्या गर्दींत नांवें दिसतांच सर्वांत आधीं ज्या उठत, त्यांनीं रांधलेलें आम्हीं जेवलों. त्यांचीं नांवें कोणत्याहि पडद्यावरून कधीं सरकलीं नाहींत. आमच्या हळहळीचा सगळा भर त्या पडद्यावरील छापील नांवांवर आहे, हें आम्हांस अलीकडे जरा खटकूं लागलें आहे.