आवाज कोठून येतो?



एका नवदीक्षित कुटुंबातील गोष्ट सांगतो. थोरल्या मुलाने कर्ज काढून चारही चाकांना जोर देणारा एक जुना ट्रक घेतला. जंगलातील चिखलवाटांनी बांबू वाहण्याचे काम मिळाले. पावसाळा सरला आणि गाडीच्या पोटातून टक्-टक् असा विचित्र आवाज येऊ लागला. डोक्यावर कर्जाचा हप्ता. गाडी थांबली तर चूल थांबणार. घर घाबरले. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, तरी गाडीला लिंबू-मिरची बांधली गेली. आवाज थांबेना. तेव्हा आजी म्हणाली, "गाडी आली त्या दिवशी शेजारची विधवा दारात उभी होती. तिचीच नजर लागली!" झाले! त्या बाईशी बोलणे बंद. ती कोण? आपल्याच विहारात वंदनेला येणारी, मोलमजुरी करून दोन लेकरे वाढविणारी आपलीच भगिनी!

शेवटी मिस्त्रीला बोलाविले. त्याने कोणाला दोष दिला नाही. त्याने विचारले, "आवाज केव्हा येतो? केव्हा येत नाही?" गाडी उभी ठेवून इंजिन जोरात चालविले, आवाज नाही. म्हणजे दोष इंजिनात नाही. गाडी वेगात असताना गिअर काढून पाहिला. आवाज चाकांच्या गतीबरोबर चालूच. म्हणजे दोष गिअरपेटीच्या पलीकडे, चाकांकडे जाणाऱ्या भागात. मग दांडा ओढून पुढच्या चाकांचा जोर काढला. आवाज बराच उतरला. शोध पुढच्या शाफ्टपाशी आला.

इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून तो खाली शिरला आणि शाफ्ट हाताने हलवून पाहिला. सांध्यातील क्रॉस ढिला झाला होता. त्याच्या टोप्यांभोवती गंजाची तांबूस भुकटी होती. ओढ्यांच्या पाण्याने आतले ग्रीस धुऊन गेले होते. शिवाय कोरड्या डांबरी रस्त्यावरही चारही चाकांचा जोर तसाच ठेवला जाई. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या रस्त्यावर तो सारा ताण सांध्यांवर येतो. नवा क्रॉस बसला, ग्रीस भरले, चालविण्याची सवय बदलली. आवाज थांबला. लिंबू मात्र तसेच लोंबत होते!

बंधूंनो, त्या मिस्त्रीने धम्मग्रंथ वाचले नव्हते. पण त्याची रीत धम्माची होती. सारनाथला तथागतांनी हेच सांगितले. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर केल्यास दुःख दूर होते आणि त्यासाठी मार्ग आहे. केसपुत्त नगरीच्या कालामांनाही त्यांनी हेच शिकविले की ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर वा केवळ कोणी थोर सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका. स्वतः पारखून घ्या. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी प्रज्ञा आणि करुणा हे धम्माचे दोन आधारस्तंभ मानले. अंधश्रद्धेला जागा उरू नये म्हणून प्रज्ञा, आणि करुणेवाचून समाज जगू शकत नाही म्हणून करुणा.

त्या घरात प्रज्ञा हरवली तेव्हा करुणाही हरवली. हे लक्षात ठेवा. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांच्याच लेकरांनी एका बाईच्या नजरेचा विटाळ मानावा काय? महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण कायदा उंबरठ्याबाहेर उभा राहतो. घराच्या आतले मन आपणच धुतले पाहिजे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या केवळ देव्हारा हलविण्यासाठी नव्हेत. देव्हारा एका दिवसात हलतो; भीती हलायला वेळ लागतो. म्हणून घरात मूल आजारी पडले, गाय आटली, गाडी कुरकुरली, तर "कोणी केले?" असे विचारू नका. "कशामुळे झाले?" असे विचारा. मुलांनाही तसेच विचारू द्या.

त्या आजीने पुढे काय केले? तिने लिंबू-मिरची स्वतःच्या हाताने सोडली आणि शेजारणीच्या दारी जाऊन म्हणाली, "बाई, माझं चुकलं." गाडीचा सांधा मिस्त्रीने दुरुस्त केला होता. माणसांचा सांधा त्या माऊलीने दुरुस्त केला. धम्मदीक्षा त्या घरात त्या दिवशी खऱ्या अर्थाने पोहोचली.

नमो बुद्धाय! जयभीम!