गुपित आणि उघड अन्याय : रेनॉल्ड्स ते हरिभाऊ

मराठी कादंबरीच्या इतिहासात जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स (१८१४-१८७९) याचा उल्लेख बहुधा एक परकीय प्रभाव म्हणून होतो आणि तेथेच थांबतो. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ (१८८५) त्याच्या ‘मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन’वर आधारलेली होती, एवढी नोंद करून समीक्षा पुढे सरकते. त्यामुळे या रूपांतरामागचा नैतिक प्रश्न अस्पर्शित राहतो : दुसऱ्याच्या पापाची कथा वाचणाऱ्याची भूमिका नेमकी कोणती?

रेनॉल्ड्स चार्टिस्ट चळवळीतला. १८४४ पासून दर आठवड्याला एका पेनीला विकल्या जाणाऱ्या ‘मिस्टरीज ऑफ लंडन’मधून त्याने उमरावांचा दुराचार सामान्य वाचकांपुढे मांडला. पुढे विल्की कॉलिन्सने सनसनाटी कादंबरी प्रतिष्ठितांच्या घरात आणली. ‘द वुमन इन व्हाइट’ (१८६०) मधील सर पर्सिव्हलचे गुपित म्हणजे विवाहनोंदवहीतील एक बनावट नोंद. दोघांच्याही लेखनामागे एक समान गृहीतक आहे. अन्याय लपलेला असतो म्हणून टिकतो. तो उघडकीस आला की न्यायाची वाट मोकळी होते. हे गृहीतक वाचकाच्या सोयीचे आहे. गुन्हा दुसऱ्याचा, गुपितही दुसऱ्याचे. वाचकाच्या वाट्याला केवळ कुतूहल आणि धिक्कार.

‘मधली स्थिति’ने ही सोय काही अंशी काढून घेतली. ‘मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन’चा काळ होगार्थचा, अठराव्या शतकातला. हरिभाऊंनी स्थळाबरोबर काळाचेही अंतर पुसले आणि कथा समकालीन नवशिक्षितांत आणली. आरोपी आणि वाचक एकाच वर्गातले झाले. मूळ कृतीशी निष्ठा हा निकष अशा रूपांतराला अपुरा पडतो.

याहून मूलगामी पाऊल ‘पण लक्षांत कोण घेतो!’मध्ये पडले. ही कादंबरी पुण्याच्या ‘करमणूक’ साप्ताहिकात १८९० पासून क्रमशः येऊ लागली. पुढील अंकाची उत्कंठा हा सनसनाटी कादंबरीचाच वारसा होय. परंतु येथे मध्यवर्ती गुपितच नाही. यमूचे केशवपन रूढीच्या आधाराने, घरातल्यांच्या जाणतेपणी घडते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून ज्या शहरात जाहीर वाद माजला, तेथे स्त्रीचे दुःख अज्ञात नव्हतेच. जे सर्वांना ठाऊक आहे ते उघडकीस आणून काय साधणार? शीर्षकातच या प्रश्नाची जाण आहे. उणीव माहितीची नसून लक्ष देण्याची आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. यमूचे दुःखही वाचकाची करमणूकच ठरत नाही काय? हा धोका खरा आहे. डोळ्यांतले पाणीही थराराइतकेच स्वस्त असू शकते. शंकरमामंजींच्या रूपाने खलपुरुषही येथे आहेच. तथापि त्याला दोष देऊन वाचकाची सुटका होत नाही, कारण त्याची सत्ता रूढीने, म्हणजे वाचकांच्याच मूक संमतीने, चालते. सनसनाटी कादंबरीत रहस्यभेदाबरोबर वाचक मोकळा होतो. येथे कादंबरी संपल्यावरच त्याची जबाबदारी सुरू होते. हरिभाऊंनी रेनॉल्ड्सला मागे टाकले असे म्हणायचे, ते कलागुणांइतकेच या अर्थाने म्हटले पाहिजे.