वाटा आणि त्याग

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

केस पांढरे झाले की माणसाला बरं-वाईट आपोआप कळू लागतं, असं आपण धरून चालतो. पण भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत पृथ्वी आहे, मधमाशी आहे आणि लहान मूलही आहे. शिकायला नुसतं वय पुरत नाही.

लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात काही मुलांना पेचाचे प्रसंग सांगून ‘योग्य काय आणि का?’ असं विचारलं. पुढे वीसेक वर्षं तीच मुलं अधूनमधून तपासली. उत्तरापेक्षा त्यामागचं कारण ते बघत. कारणांच्या ढोबळ पायऱ्या तीन : शिक्षा किंवा फायदा, लोक आणि कायदा, आणि समोरच्याचाही माझ्याइतकाच हक्क आहे ही जाणीव. शेवटच्या पायरीवर मोठेपणीही फार थोडे पोचले.

आता आपल्याकडे बघा. चाकण पट्ट्यात कारखाने आले, जमिनींना भाव आला आणि बहिणीच्या सहीचा प्रश्न उभा राहिला. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. एक भाऊ वाटा देतो, कारण तिनं दावा लावला तर व्यवहार अडकेल. दुसरा देतो, कारण कायदा आहे. तिसरा देतो, कारण ती त्याच घरची लेक आहे. रक्कम तिघांचीही तेवढीच. पण पहिल्याची भीती सरली की त्याचं देणंही सरेल.

माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणीचं मात्र आपण कौतुक करतो. इथे देहूचे तुकोबा आठवावेत. घरात सावकारी होती. येण्याची निम्मी खतं त्यांनी धाकटे बंधू कान्होबांना दिली आणि आपली निम्मी इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. आयुष्यभर बँकेत खाती जुळवलेल्या मला ती आधीची वाटणी फार मोठी वाटते. स्वतःचं सगळं सोडणाऱ्या माणसानं भावाच्या कागदाला हात लावला नाही. त्याग आपल्या वाट्याचा करावा. दुसऱ्याकडून करून घेतला तर ती वसुली झाली.

घरातल्या वाटण्या आता आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांसमोरच होतात. तेव्हा लेकीच्या हाती पेन देण्याआधी दत्तमहाराजांना साक्षी ठेवून विचारावं : बाई, ही सही तुझ्या मनानं की आमच्या धाकानं? आणि ती ‘नको’ म्हणाली, तर तिचं माहेर पूर्वीसारखंच राहील, एवढं आपण बघावं.