अश्वहृदय : विश्वास, दाब आणि नकाराची जागा

घोड्याला स्वारीसाठी तयार करणाऱ्या माणसाला जुन्या मराठीत ‘चाबूकस्वार’ असे म्हणत. फारसीच्या वाटेने आलेला हा शब्द पागा गेल्या तसा मागे पडला आणि आता बहुधा बखरींत व कोशांतच भेटतो. त्याची घडण मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या साधनाने जनावराचा विरोध मोडायचा, ते साधनच व्यवसायाच्या नावात जाऊन बसले आहे. याच कामासाठी ‘घोडा फेरणे’ असाही एक प्रयोग आहे आणि तो अधिक सौम्य वाटतो. त्यात फेऱ्या आहेत. माणूस आणि जनावर काही काळ बरोबर चालतात, वळतात, थांबतात. दुसऱ्या नावाने ओळखले जाणारे काम पहिल्यापेक्षा खरोखर निराळे असते काय, की चाबूक तेवढा नजरेआड झालेला असतो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

वाङ्मयीन समीक्षेच्या नियतकालिकात हा प्रश्न उपस्थित करण्याचे कारण असे की तो मुळात अर्थनिर्णयनाचा प्रश्न आहे. घोडा माणसाच्या मागोमाग चालू लागतो आणि आपण म्हणतो, ‘त्याचा विश्वास बसला.’ येथे एक हालचाल चिन्ह म्हणून वाचली गेली आणि तिला अर्थ दिला गेला. अर्थ देणारा एकच पक्ष आहे, आणि त्या अर्थात हितसंबंधही त्याचाच आहे. ज्या संहितेला आपल्या भाष्यकाराशी वाद घालता येत नाही, तिच्या बाबतीत भाष्यकाराची जबाबदारी वाढते की कमी होते?

बळाऐवजी विश्वासाने घोडा तयार करावा, हा विचार आजचा नव्हे. इसवीसनपूर्व चौथ्या शतकात झेनोफोनने अश्वविद्येवर लिहिलेल्या ग्रंथात तो स्पष्टपणे आलेला आहे. सक्तीने करवून घेतलेल्या कृतीत समज नसते आणि सौंदर्यही नसते, हे सांगण्यासाठी त्याने चाबकाच्या भयाने नाचणाऱ्या नर्तकाचे उदाहरण घेतले आहे. अलीकडच्या काळात या विचाराला चळवळीचे रूप आले ते मुख्यतः अमेरिकेत. माँटी रॉबर्ट्स यांचे ‘द मॅन हू लिसन्स टु हॉर्सेस’ हे आत्मकथन १९९६ साली प्रसिद्ध झाले आणि फार वाचले गेले. त्यांच्या पद्धतीत गोल रिंगणात मोकळ्या सोडलेल्या घोड्याला प्रशिक्षक आपल्या देहाच्या रोखाने दूर पळवीत राहतो. घोडा मान खाली घालू लागला, एक कान प्रशिक्षकाकडे लावू लागला, तोंड चावल्यासारखे करू लागला, की प्रशिक्षक नजर काढून घेतो आणि पाठ फिरवतो. घोडा जवळ येतो, मागे चालू लागतो. अंगावर दोर नाही, हातात चाबूक नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते, असे अनेकांनी लिहिले आहे आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही.

सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली एक वेगळाच प्रयोग लोकांसमोर मांडला. रिंगणातील माणसाच्या जागी त्यांनी दूरनियंत्रकावर चालणारी खेळण्यातील मोटार ठेवली. मोटार घोड्याला पळवी. घोड्याने अपेक्षित वर्तन केले की ती थांबे. घोडे त्या मोटारीजवळही जायला शिकले. मोटारीला अंतःकरण नसते. तेव्हा घोड्याला जे हवे होते ते पाठलागापासून सुटका एवढेच असावे. सुटका जिथे मिळते तिथे तो जातो, आणि त्या जाण्याला आपण विश्वास म्हणतो. प्रयोगाचा हा अन्वय मला मान्य आहे. मात्र त्यातून ‘घोड्याला विश्वास नावाची गोष्ट कळतच नाही’ असा निष्कर्ष काढणारे आपले पाऊल पुराव्याच्या पुढे टाकतात. मागे चालणे हा विश्वासाचा पुरेसा पुरावा नव्हे, एवढेच त्या मोटारीने दाखवले.

तत्त्वज्ञानाने आणि साहित्याने घोड्याला काय दिले, हेही येथे पाहिले पाहिजे. कठोपनिषदातील रथाचे रूपक आपल्या परिचयाचे आहे: इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम, बुद्धी सारथी. प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये आत्म्याच्या रथाला दोन घोडे आहेत आणि त्यांतील उन्मत्त घोड्याचा जबडा रक्ताळेपर्यंत सारथी लगाम खेचतो. रूपकात हे रक्त कोणाला खटकत नाही, कारण तिथे घोडा नसतोच, वासना असते. परंतु रूपकांचा संस्कार दुहेरी असतो. वासनेला घोडा म्हणणाऱ्या संस्कृतीत घोड्याकडेही आवरायची वासना म्हणून पाहिले जाऊ लागते. आपले वाक्प्रचार पाहावेत. जिभेला लगाम, मनाला लगाम, खर्चाला लगाम. लगाम हा शब्द इतका नैतिक झाला आहे की तो कोणाच्या तरी तोंडातले लोखंड आहे याची आठवण राहत नाही.

टॉलस्टॉयच्या ‘खोल्स्तोमेर’ या १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेत घोडाच बोलतो, आणि ‘माझा घोडा’ या शब्दप्रयोगाने तो गोंधळून जातो. जिवंत प्राण्याला ‘माझा’ म्हणणे त्याला ‘माझी हवा’ म्हणण्याइतके चमत्कारिक वाटते. श्क्लोव्हस्कीने १९१७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अपरिचितीकरणाचे उदाहरण म्हणून ही कथा वापरली आणि तेव्हापासून सिद्धान्तचर्चेत ती त्याच कामी येते. मीही वर्गात ती तशीच शिकवत आलो. शिकवताना असे कधी सुचले नाही की घोड्याच्या तक्रारीला आपण एक तंत्र करून टाकले आहे. मालकीच्या भाषेविषयीचे त्याचे म्हणणे खरे की खोटे, हे विचारण्याची गरजच उरलेली नाही. मराठ्यांच्या फौजेत शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असे आणि बारगिराला तो सरकारातून किंवा सरदाराकडून मिळे. त्या फरकावर माणसाची पायरी ठरे. घोड्याच्या पाठीला तो फरक कसा जाणवत होता, हे सांगणारे काही माझ्या वाचनात आलेले नाही.

आता सान्निध्याविषयी. ‘केवळ उपस्थित राहा, काही मागू नका’ हा दाबमुक्त पद्धतीचा पहिला पाठ असतो. कॅरोलिन रेझ्निक यांच्या ‘नेकेड लिबर्टी’ (२००५) या पुस्तकाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या विधींचा आरंभही घोड्याच्या आवारात खुर्ची टाकून नुसते बसण्याने होतो. ऐकायला सोपे. पण नुसते असणे माणसाला जमते काय? बर्लिनमधील ‘हुशार हान्स’ची हकिकत येथे उपयोगी पडेल. विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त शिक्षकाचा हा घोडा खूर आपटून गणिताची उत्तरे देत असे. १९०४ साली त्याची तपासणी करायला समिती नेमली गेली आणि पुढे ऑस्कर फुंग्स्ट याने १९०७ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, किंवा तो घोड्याला दिसत नसला, तर हान्स चुके. योग्य आकड्याशी येताच प्रश्नकर्त्याची मान नकळत किंचित हले, आणि घोडा थांबे. हे गुपित कळल्यावर खुद्द फुंग्स्टलाही आपली ती हालचाल पूर्णपणे आवरता आली नाही.

संशोधकाची अपेक्षा प्रयोगात मिसळू नये, हा धडा शास्त्राने यातून घेतला आणि तो योग्यच होता. परंतु हान्सला गणित येत नव्हते एवढ्यावर गोष्ट संपवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. भोवतालच्या सुशिक्षित माणसांपैकी कोणालाही जे वाचता आले नव्हते, ते तो वाचत होता. भक्ष्य म्हणून जगलेल्या प्राण्याची ही वाचनशक्ती आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे नाकाच्या अगदी पुढचा आणि शेपटीमागचा पट्टा सोडला तर जवळजवळ सारे वर्तुळ नजरेत; कान स्वतंत्रपणे फिरणारे; आणि सरळ रेषेत नजर रोखून चालत येणारे जे काही असेल ते बहुधा शिकारी, हे अंगात मुरलेले. अशा वाचकासमोर इच्छा लपवता येत नाही. खुर्चीवर स्वस्थ बसलेल्या माणसाच्या खांद्यांत, श्वासात, वळलेल्या पावलांत ‘जवळ ये’ हे लिहिलेले असते. म्हणजे काटेकोरपणे पाहता दाबमुक्त सान्निध्य असंभव आहे. कुंपण आपले, चारा आपला, आणि अपेक्षाही आपली.

असे असताना मी त्या खुर्चीवर का बसलो, हे सांगितले पाहिजे. एका स्नेह्यांच्या शेतावर एक कुमाईत घोडी होती. ती त्यांच्याकडे आली तेव्हाच हात वर होताना दिसला की मान झटकून बाजूला होई. आधीच्या हातांचा तो अनुभव असणार. स्वारीला ती चाले, पण खरारा करून घेताना सबंध वेळ अंग चोरून उभी राहत असे. मला सवड होती आणि तपासायला मुद्रिते होती. त्यांच्या अनुमतीने मी रोज सायंकाळी तासभर तिच्या आवारात कोपऱ्याशी खुर्ची टाकून मुद्रिते वाचू लागलो. आठ-दहा दिवस ती दुसऱ्या टोकाला राहिली. मग अंतर कमी होत गेले. सरळ कधीच नाही, चरत चरत, अर्धवर्तुळे काढीत. एके दिवशी तिचा श्वास माझ्या हातातल्या कागदावर आला. मी हात उचलला. तिच्या कपाळावर ठेवण्यासाठीच उचलला, त्यात प्रेमाखेरीज काही नव्हते असे मी त्या वेळी शपथेवर सांगितले असते. ती बुजली आणि पुढचे चार दिवस जवळ आली नाही.

त्या हाताचा विचार मी पुष्कळ केला. इतके दिवस मी काही मागत नव्हतो असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी मागणी पुढे ढकलत होतो. ती जवळ येताच सौदा पुरा झाला असे मी धरले आणि आपला वाटा उचलायला हात पुढे केला. काहीही न मागता दिलेला सहवास आणि वसुलीच्या आशेने गुंतवलेला सहवास, हे दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. त्यांच्यातला फरक दुसऱ्याने नकार दिल्यावर उघड होतो. नकारानंतर मी रागावतो, आर्जव करतो, चारा दाखवतो, की मुद्रिते वाचत राहतो? रिंगणातल्या पद्धतीत घोड्याने दूर राहायचे ठरवले तर त्याला आणखी पळावे लागते. तिथे नकाराला किंमत मोजावी लागते. म्हणूनच तिथल्या होकाराविषयी मला शंका आहे. दाब अजिबात नसणे माणसाच्या हातचे नाही. दूर जाणे फुकट ठेवणे मात्र त्याच्या हातचे आहे.

पुढे आम्ही चालू लागलो. मी उठून आवाराच्या कडेने फेरी घाली. तिने यावे असा इशारा करीत नसे. काही दिवस ती येई. येई तेव्हा तिचे डोके माझ्या खांद्याच्या रेषेत असे, आणि मी थांबलो की दोन पावलांनंतर तीही थांबे. काही दिवसांनी मला आढळले की ती थांबली तर मीही थांबू लागलो होतो. ‘फेरणे’ या क्रियापदाचा कर्ता अशा वेळी कोण, हे व्याकरणाने सांगता येत नाही.

२०१६ साली नॉर्वेतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास येथे आठवतो. त्यांनी तेवीस घोड्यांना तीन फलकांची भाषा शिकवली: आडवी रेघ म्हणजे अंगावर झूल घाला, उभी रेघ म्हणजे काढा, कोरा फलक म्हणजे आहे तसे राहू द्या. सुमारे दोन आठवड्यांत सर्व घोडे शिकले, आणि गारठ्यात किंवा पावसात झूल मागू लागले, उबदार हवेत ती काढायला सांगू लागले. चिन्हव्यवस्थेच्या अभ्यासकाला तो कोरा फलक विशेष मोलाचा वाटावा. ‘काही करू नका’ म्हणण्याची सोय त्यात आहे. तरीही हा शब्दसंग्रह तीन चिन्हांचा, आपण शिकवलेला, आपणच शिवलेल्या झुलीपुरता. ‘आज खोगीर नको’ यासाठी त्यात फलक नाही. तो ठेवला असता तर उत्तर पाळले गेले असते काय, हे ज्याने त्याने स्वतःच्या पागेपुरते ठरवावे.

महाभारतातील नलोपाख्यानात या विद्येला ‘अश्वहृदय’ असे नाव आहे. बाहुकाच्या रूपातील नल ऋतुपर्णाला अयोध्येहून विदर्भात नेण्यासाठी घोडे निवडतो, तेव्हा ते कृश घोडे पाहून राजाला शंका येते. रथावर चढताच घोडे गुडघ्यांवर येतात. नल चाबूक उचलत नाही, त्यांचे सांत्वन करतो, मगच निघतो. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने व फळे मोजून दाखवतो आणि अक्षविद्या नलाला तिथल्या तिथे देऊन टाकतो. बदल्यात त्याला हवे असलेले अश्वहृदय मात्र तो लगेच घेत नाही. ते तूर्त तुझ्याकडेच ठेव म्हणून राहू दे, असे सांगतो. कथेला घाई आहे हे उघड कारण. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, ती वाचकाला पटावी असा आग्रह नाही: संख्येची विद्या रस्त्यात थांबून देता-घेता येते, ही दुसरी येत नाही. आणि हेही खरे की त्या सांत्वनानंतरही घोडे रथालाच जुंपलेले होते आणि एका दिवसात त्यांनी विदर्भ गाठले.

त्या हिवाळ्याच्या अखेरीस स्नेह्यांनी घोडीवर खोगीर चढवले आणि लगाम माझ्या हाती दिला. खरारा करून घेताना ती आता अंग चोरत नव्हती, हे ते कौतुकाने सांगत होते. मी तिच्या बाजूला उभा राहिलो. तिचा एक कान माझ्याकडे होता, दुसरा रस्त्याकडे. मी रिकिबीत पाय ठेवला, थांबलो, पुन्हा खाली उतरलो; ती हलली नाही. ते न हलणे होकाराचे होते की जुन्या सवयीचे, हे मला वाचता आले नाही. स्नेही पाहत होते. मी मांड टाकली आणि आम्ही ओढ्यापर्यंत जाऊन आलो.